वाचकांचे प्रश्न : धातूची पूड मिसळलेल्या इंधनाचा थेंब

मागच्या अंकात रॉकेटच्या घन इंधनाविषयी लिहिताना, त्यात ॲल्युमिनियमची पूड मिसळलेली असते, असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो. त्या एका वाक्यावर पाच पत्रे आली, तीन नवी मुंबईतून आणि दोन ठाण्यातून. पाचही पत्रांचा रोख वेगळा असला तरी ती शेवटी एकाच थेंबापाशी येऊन थांबतात, म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्या थेंबालाच दिली आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सेमिनारसाठी ‘स्लरी इंधने’ हा विषय घेतला आहे. रॉकेलासारख्या द्रवात ॲल्युमिनियम किंवा बोरॉनची पूड मिसळली की जास्त उष्णता मिळते, असे सरांनी सांगितले. अशा इंधनाच्या एका थेंबात आधी द्रव जळतो, आधी धातू जळतो, की दोन्ही एकदम जळतात? आणि थेंबावर ‘कवच’ धरते म्हणजे नेमके काय होते?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : आधी द्रव जळतो आणि धातू मागे राहतो. या इंधनांची बहुतेक सगळी दुखणी या मागे राहण्यातूनच निघतात, त्यामुळे तुमचा प्रश्न वाटतो तितका प्राथमिक नाही.

स्लरी म्हटले की आपल्याकडे गोबरगॅसच्या टाकीतून बाहेर पडणारा शेणकाला आठवतो. इथेही कल्पना तीच आहे : न विरघळणारी पूड द्रवात तरंगती ठेवायची. पण हा खटाटोप कशासाठी, ते आधी पाहू. एक किलो रॉकेल पूर्ण जळले तर सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर एक किलो ॲल्युमिनियमपासून जेमतेम ३१. म्हणजे किलोच्या हिशेबाने ॲल्युमिनियम मिसळणे हा सरळसरळ तोट्याचा व्यवहार आहे, आणि ‘धातूने उष्णता वाढते’ असे सांगताना ही बाजू बऱ्याचदा सांगायची राहून जाते. हिशेब लिटरवर आणला की मात्र पारडे फिरते, कारण एक लिटर रॉकेल ०.८ किलो भरते आणि तेवढ्याच जागेत ॲल्युमिनियम २.७ किलो मावते. लिटरमागे रॉकेलाची उष्णता सुमारे ३४ मेगाज्यूल, ॲल्युमिनियमची सुमारे ८४ आणि बोरॉनची १३५च्या आसपास आहे. निम्म्या वजनाचे रॉकेल आणि निम्म्या वजनाचे ॲल्युमिनियम असे मिश्रण केले, तर किलोमागची उष्णता ३७ मेगाज्यूलवर उतरते, पण लिटरमागची ४५च्या पुढे चढते. जिथे टाकीचे आकारमान ठरलेले असते आणि ते इंचभरही वाढवता येत नाही, उदाहरणार्थ रॅमजेट इंजिनावर (समोरून वेगाने शिरणारी हवा वापरणाऱ्या जेट इंजिनावर) चालणाऱ्या क्षेपणास्त्रात, तिथे ही एक तृतीयांश वाढ मोलाची ठरते. बोरॉन तर किलोच्या हिशेबातही रॉकेलाच्या पुढे आहे. त्याची उष्णता किलोमागे ५८ मेगाज्यूलच्या घरात जाते. म्हणूनच नासाची पूर्वसूरी असलेल्या एनएसीए या अमेरिकी संस्थेने १९५०च्या सुमारास मॅग्नेशियम आणि बोरॉनच्या स्लरींवर काम केले, आणि १९८०च्या दशकात बोरॉनच्या स्लरीने संशोधकांना पुन्हा एकदा वेड लावले.

आता थेंबाकडे येऊ. आधी निव्वळ रॉकेलाचा थेंब घ्या. तो स्वतः जळत नाही. जळते ती त्याच्याभोवतीची वाफ. ज्योत थेंबाला चिकटून नसते, थेंबाच्या व्यासाच्या काही पट अंतरावर गोलासारखी उभी असते. तिची उष्णता आत जाते, द्रवाची वाफ होते, ती बाहेर सरकते आणि ज्योतीपाशी तिला ऑक्सिजन भेटतो. गॉडसेव्ह आणि स्पाल्डिंग यांनी १९५३मध्ये मांडलेला नियम असा की अशा थेंबाच्या व्यासाचा वर्ग काळाबरोबर एकसारख्या दराने घटत जातो. हवेत जळणाऱ्या रॉकेलासाठी हा दर सेकंदाला साधारण १ चौरस मिलिमीटर आहे. म्हणून १ मिलिमीटर व्यासाचा थेंब सुमारे १ सेकंद जळतो, तर ०.१ मिलिमीटरचा अवघे १० मिलिसेकंद. व्यास दहापट कमी केला की वेळ शंभरपट कमी होतो. इंधन फवारून जाळण्याच्या सगळ्या कलेचे मूळ या वर्गात आहे, आणि पुढच्या सगळ्या उत्तरांत हा वर्ग आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

या थेंबात धातूचे कण घातले तर सुरुवातीला काहीच बिघडत नाही. थेंब नियमाप्रमाणे लहान होत जातो आणि धातू आत स्वस्थ बसून राहतो. त्याला दोन कारणे आहेत. द्रव उकळत असेपर्यंत थेंबाचे तापमान त्या द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या वर फारसे जात नाही. रॉकेलाच्या बाबतीत ते दोन-अडीचशे अंश सेल्सिअस धरा. ॲल्युमिनियम तर वितळतेच ६६० अंशांना. म्हणजे सभोवती जाळ धडधडत असतानाही धातूच्या दृष्टीने ती कोमट आंघोळच असते. दुसरे कारण ऑक्सिजनचे. बाहेरून येणारा ऑक्सिजन ज्योतीपाशीच खर्ची पडतो, आतल्या धातूपर्यंत तो पोहोचतच नाही.

पुढचा टप्पा सर्वांत रंजक आहे. थेंबाचा पृष्ठभाग वेगाने आत सरकतो, तर धातूचे कण द्रवातून तितक्या वेगाने मध्याकडे सरकू शकत नाहीत. परिणामी कण पृष्ठभागापाशी गोळा होऊ लागतात, एकमेकांना भिडतात आणि त्यांचा थर बनतो. तापत्या दुधावर साय धरताना जसे आधी सैल आणि मग घट्ट होत जाते, तसेच इथेही होते. एका क्षणी हा थर इतका ताठ होतो की थेंबाचा व्यास घटणे थांबते. हेच तुम्ही विचारलेले कवच. आत द्रव अजून शिल्लक असतो; तो कवचातल्या बारीक रंध्रांमधून वर चढतो आणि बाहेरच्या तोंडाशी वाफ होऊन जातो.

रंध्रे उघडी राहिली तर हे निमूटपणे द्रव संपेपर्यंत चालते. पण स्लरीत कण तळाशी बसू नयेत म्हणून एखादा पृष्ठसक्रिय पदार्थ, म्हणजे साबणाच्या जातीचे काहीतरी, मिसळलेले असते. रॉकेल उडून गेले तरी हा जड पदार्थ मागे उरतो, तापून करपतो आणि त्याचा डिंकासारखा लेप रंध्रे बुजवून टाकतो. मग आतल्या वाफेला वाट राहत नाही, द्रव आपल्या उत्कलनबिंदूच्याही वर तापतो, दाब वाढतो आणि कवच फुटते. फोडणीत मोहरी तडतडते ती याच कारणाने. या घटनेला सूक्ष्मस्फोट म्हणतात. बोरॉनच्या स्लरीचे थेंब असे फुटताना प्रिन्स्टन विद्यापीठातील ताकाहाशी, ड्रायर आणि विल्यम्स यांनी १९८०च्या दशकात बारकाईने अभ्यासले आहेत.

स्फोट म्हटले की काही वाईट घडले असे वाटते. इथे मात्र तो हवाच असतो. का, ते एका हिशेबावरून दिसेल, आणि हा हिशेब तुम्ही सेमिनारात फळ्यावर करून दाखवावा असे मी सुचवतो. वर सांगितलेले निम्मे-निम्मे वजनाचे मिश्रण घ्या. त्यात आकारमानाने धातू सुमारे २३ टक्के असतो. थेंब १०० मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा, आणि धातूचा प्रत्येक कण ५ मायक्रोमीटरचा असेल, तर एका थेंबात सुमारे अठराशे कण मावतात. थेंब न फुटता द्रव उडून गेला, तर हे अठराशे कण एकमेकांना बिलगलेल्या एका गोळ्याच्या रूपात मागे उरतात, आणि ते वितळून एक झाले तरी गोळ्याचा व्यास ६० मायक्रोमीटर भरतो. म्हणजे धातू दळून ५ मायक्रोमीटरपर्यंत बारीक करण्यासाठी केलेला सारा खर्च वाया गेला. ज्योतीला तो ६० मायक्रोमीटरचा दगड म्हणूनच भेटतो. वर्गाच्या नियमाने पाहिले तर ५च्या कणाला लागणाऱ्या वेळेच्या सुमारे दीडशेपट वेळ या गोळ्याला लागेल. धातूच्या कणांसाठी घातांक दोनापेक्षा काहीसा कमी असतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा खाली येईल, पण दुखणे तेच राहील. इंजिनाच्या ज्वलनकक्षात कणाला मिळतात काही मिलिसेकंद. तेवढ्यात जळला तर ठीक, नाहीतर किलोमागे आणि लिटरमागे काढलेली सगळी उष्णता न जळताच मागच्या तोंडातून निघून जाते. थेंब फुटला तर मात्र गोळ्याचे तुकडे होतात आणि वेळ वाचतो. अठराशे कणांचे निदान पन्नास तुकडे व्हावेत, एवढीच अपेक्षा असते.

इथून पुढे धातू-धातूंत फरक पडतो. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचे पातळ कातडे असते आणि ते वितळायला २०५० अंशांच्या आसपास तापमान लागते. आतला धातू ६६० अंशांना पाणी झालेला, आणि बाहेरचे कातडे मात्र तसेच टणक, अशी ही विचित्र स्थिती असते. कातडे हटले की धातू पेटतो, आणि तो सुमारे २५०० अंशांना उकळत असल्यामुळे त्याची वाफ होऊन ती कणाभोवती, रॉकेलाच्या थेंबासारखीच, स्वतःची ज्योत धरते. पांढराशुभ्र धूर निघतो तो ॲल्युमिनियम ऑक्साइडचा. बोरॉनची गोष्ट उलटी आहे. त्याचे ऑक्साइड ४५० अंशांनाच वितळते आणि काचेच्या चिकट रसासारखे कणावर पसरून ऑक्सिजनची वाट अडवते. हा रस उडून जायला सुमारे १८६० अंश लागतात, तर बोरॉन स्वतः ३९०० अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही, त्यामुळे त्याची वाफ होऊन ज्योत धरणे जवळजवळ संभवत नाही आणि तो पृष्ठभागावरूनच जळत राहतो. म्हणून बोरॉनचा कण आधी मंदपणे लुकलुकतो, जणू विझतो, आणि लेप गेल्यावरच हिरव्या उजेडाने पेटतो. कागदावर सर्वांत श्रीमंत असलेला हा धातुसदृश पदार्थ (काटेकोर भाषेत बोरॉन हा धातू नव्हे) प्रत्यक्षात सर्वांत हट्टी निघाला. ज्वलनात तयार होणारी पाण्याची वाफ तो लेप काढायला मदत करते खरी, पण त्यातून हायड्रोजनयुक्त बोरॉनची संयुगे बनतात आणि उष्णतेचा काही भाग तीच दाबून ठेवतात. मॅग्नेशियम मात्र लवकर पेटते, म्हणून बोरॉनला चालना देण्यासाठी ते थोडे मिसळण्याची युक्ती करतात.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. प्रयोगशाळेत असा थेंब बहुधा क्वार्ट्झच्या किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या केसासारख्या बारीक तंतूला टांगून जाळतात आणि वेगवान कॅमेऱ्याने त्याचे चित्रण करतात. टांगता येण्याजोगा थेंब मिलिमीटरच्या आसपासचा असतो, म्हणजे फवाऱ्यातल्या थेंबाच्या दहापट मोठा. शिवाय तंतू स्वतः उष्णता आत नेतो आणि बुडबुड्यांना जन्मायला जागा देतो. त्यामुळे अशा चित्रफितीत दिसलेला स्फोट इंजिनातही तसाच होईल असे धरून चालू नका.

प्रश्न : मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत एकतीस वर्षे बॉयलर अटेंडंट म्हणून काम केले. फर्नेस ऑइलवर चालणाऱ्या बॉयलरच्या चिमणीतून कधी कधी काळी खर पडायची. ती बोटाने दाबली की पापडासारखी चुरायची, आतून पोकळ. ही पोकळी कुठून येते? आणि तेलात थोडे पाणी मिसळले तर जाळ सुधारतो, असे जुने लोक म्हणत, ते खरे का?
— एक निवृत्त वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आपले पत्र वाचून मला तुर्भ्यातला एक हिवाळा आठवला. तेव्हा मीही त्याच पट्ट्यात एका कारखान्याच्या देखभाल विभागात होतो. शेजारच्या कंपनीच्या आवारातील गाड्यांवर रोज सकाळी काळे ठिपके पडत आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांना पत्रे जात. आमच्याकडचे एक वरिष्ठ ते ठिपके समोरच्या रस्त्यावरच्या ट्रकांच्या माथी मारत होते. मी पांढऱ्या कागदावर थोडी खर झटकून भिंगाखाली पाहिली. ट्रकच्या धुरातली काजळी पिठासारखी बारीक असते. हे मात्र गोल मणी होते, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, आणि बहुतेकांच्या अंगावर एकेक भोक. नखाने दाबताच ते कुरकुरत फुटले. खर आमच्याच चिमणीची होती, हे तिथेच स्पष्ट झाले.

ते मणी म्हणजे वरच्या उत्तरातल्या कवचाचे चुलत भाऊ. फर्नेस ऑइलमध्ये अस्फाल्टच्या जातीचे जड घटक असतात. हलका भाग उडून गेला की हे घटक थेंबाच्या बाहेरच्या अंगाला घट्ट होतात, करपतात आणि कोकचे कवच बनते. आत अडकलेली वाफ एखाद्या कमकुवत जागी भोक पाडून निसटते आणि मागे पोकळ गोळी राहते. स्लरीत कवचाचे सामान आपण बाहेरून घालतो, फर्नेस ऑइल ते पोटातच घेऊन येते, एवढाच काय तो फरक. पोकळ असली तरी ती गोळी म्हणजे न जळलेला कार्बन आहे, आणि त्याचे पैसे तेलाच्या बिलात आपण आधीच मोजलेले असतात.

आमच्या बॉयलरचे निदान शेवटी साधे निघाले. तेल बर्नरपर्यंत जाताना शंभर अंशांच्या वर तापलेले असावे लागते, तरच ते पातळ होऊन बारीक फवारते. हीटरचा थर्मोस्टॅट बिघडल्यामुळे ते त्याहून बरेच थंड जात होते आणि बर्नरच्या टिपेतून जाड थेंब पडत होते. थेंब दुप्पट जाड झाला की जळायला चौपट वेळ लागतो, हे आपण वर पाहिलेच. भट्टीची लांबी मात्र तेवढीच राहते. थर्मोस्टॅट बदलला, टिप साफ केली आणि पत्रव्यवहार थांबला. (ट्रकांची माफी कोणी मागितली नाही.)

पाण्याविषयी जुन्या लोकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी तेलाबरोबर गचकन आले तर जाळ फडफडतो आणि विझतोही, हे आपण अनुभवले असेलच. पण तेच पाणी अगदी बारीक थेंबांच्या रूपात तेलात एकजीव करून दिले तर ते तेलाच्या आधी उकळते आणि तेलाचा थेंब आतून फोडते. इव्हानोव्ह आणि नेफेदोव्ह या सोव्हिएत संशोधकांनी १९६०च्या दशकात हे सूक्ष्मस्फोट दाखवून दिले. धातूच्या स्लरीवर काम करणाऱ्यांनी या फुटण्याकडे इतके लक्ष दिले, त्याचा हा पूर्वेतिहास.

प्रश्न : फुलबाजीत धातूची पूड असते म्हणतात आणि ती झकास जळते. मग माझे ॲल्युमिनियमचे पातेले गॅसवर वर्षानुवर्षे का टिकते?
— एक गृहिणी, नौपाडा, ठाणे

उत्तर : पृष्ठभाग आणि वजन यांच्या प्रमाणामुळे. पातेल्याची उष्णता सगळ्या धातूत पसरते आणि आतल्या पदार्थात जाते, त्यामुळे कोणतीही एक जागा पेट घेण्याइतकी तापत नाही. वरचे ऑक्साइडचे कातडे, जाडीने काही नॅनोमीटरच (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असले तरी, धातूला झाकून ठेवते. पुडीचा कण इतका लहान असतो की उष्णता पसरवायला त्याच्यापाशी जागाच नसते. आणखी एक गंमत पाहा. फुलबाजीच्या काही ठिणग्या उडता उडता फुटून त्यांना फाटे फुटतात, तर काही सरळ रेषेत जाऊन विझतात. फाटे फुटतात त्या बहुधा पोलादाच्या किसाच्या ठिणग्या असतात. पोलादातल्या कार्बनचा वायू होतो आणि तो वितळलेल्या थेंबाला आतून फोडतो. ॲल्युमिनियमच्या ठिणग्या पांढऱ्या आणि बहुधा बिनफाट्याच्या असतात.

प्रश्न : हल्ली नॅनो पूड मिळते. कण मुळातच इतके बारीक घेतले तर गोळा होण्याचा प्रश्न सुटणार नाही का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : सुटत नाही, पण त्याचे रूप बदलते. अमेरिकेतील परड्यू विद्यापीठात गान आणि चियाओ यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एन-डेकेन या रॉकेलासारख्या द्रवात एकदा नॅनो आणि एकदा मायक्रो आकाराचे ॲल्युमिनियम मिसळून थेंब जाळून पाहिले. नॅनो कणांच्या थेंबात पाच टप्पे दिसले : तापणे आणि पेटणे, द्रवाचे नेहमीचे ज्वलन, सूक्ष्मस्फोट, पृष्ठसक्रिय पदार्थाची ज्योत आणि शेवटी ॲल्युमिनियमची ज्योत. मायक्रो कणांचा थेंब त्याच परिस्थितीत पहिल्या तीन टप्प्यांवरच थांबला, म्हणजे त्यातला धातू पेटलाच नाही. कारण गोळ्याच्या घडणीत आहे. नॅनो कणांचाही गोळा होतोच, किंबहुना ते एकमेकांना अधिक ओढीने चिकटतात, पण त्यांचा गोळा वेगळ्या बांधणीचा असतो, आणि बारीक कण कमी तापमानालाही पेटतात.

मात्र या फायद्याची किंमत मोजावी लागते. ॲल्युमिनियमचा कण कितीही लहान असो, त्यावरचे ऑक्साइडचे कातडे साधारण तेवढ्याच जाडीचे राहते. ३ नॅनोमीटर धरू. ५ मायक्रोमीटरच्या कणात या कातड्याचा वाटा वजनाने एक टक्काही भरत नाही. ५० नॅनोमीटरच्या कणात तोच वाटा एक तृतीयांशाच्या पुढे जातो. म्हणजे तीन किलो पूड विकत घेतली तर किलोभराहून अधिक वजन आधीच जळून गेलेल्या धातूचे, म्हणजे राखेचे! शिवाय नॅनो पुडीने स्लरी फार लवकर घट्ट होते, ती पंपातून जाईना की टाकीतला सगळा हिशेब फुकट जातो. त्यामुळे निम्म्या वजनाच्या भरीव स्लरीसाठी नॅनो पूड हा उपाय आहे असे मला वाटत नाही. थोड्या टक्क्यांत, रॉकेलाचे ज्वलन सुधारण्यापुरती तिची जागा आहे. परड्यू आणि पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठांच्या लोकांनी ऑगस्ट २००९मध्ये नॅनो ॲल्युमिनियम आणि गोठवलेले पाणी यांच्या मिश्रणावर एक छोटे रॉकेट काही शे मीटर उडवूनही दाखवले आहे, पण तो घन गोळा होता, तिथे थेंबाचा संबंध नव्हता. घन इंधनात कण रबरात जखडलेले असल्यामुळे ते तळाशी बसण्याची आणि नोझल तुंबण्याची भीती नसते; ॲल्युमिनियमला तिथे कायमची जागा मिळाली आणि स्लरीला मिळाली नाही, याचे मोठे कारण हेच.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या सोसायटीजवळच्या रंगाच्या दुकानात चांदीच्या रंगासाठी ॲल्युमिनियमची पूड मिळते. ती रॉकेलात कालवून गच्चीवर एक थेंब जाळून पाहिला तर चालेल का?
— एक विद्यार्थी, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : नाही. हे ‘जपून कर’ नव्हे, ‘करू नकोस’ आहे, आणि मोठे माणूस शेजारी उभे असले तरीही. ही पूड हवेत उडाली आणि तिला ज्योत मिळाली तर ती ढगासकट एकदम पेटते. पेटलेल्या धातूवर घाबरून पाणी ओतले तर पाण्यातून हायड्रोजन निघतो आणि आग विझण्याऐवजी भडकते; धातूच्या आगी म्हणूनच अग्निशमनात वेगळ्या, डी वर्गात मोडतात आणि त्यांना कोरडी वाळू किंवा त्यासाठीच बनवलेली पावडर लागते. घरातला आग विझवायचा साधा सिलिंडर तिथे कामाचा नाही.

कवच पाहायचे असेल तर दूध घे. दोन सारख्या पातेल्यांत सारखेच पाणी आणि दूध घेऊन मंद आचेवर ठेव. पाणी उकळेल, बुडबुडे येतील आणि फुटतील, पण पातेल्याबाहेर काही जाणार नाही. दुधावर आधी साय धरेल. तिच्याखाली वाफ साठू लागली की साय फुगून वर येईल, मध्येच एखाद्या कडेला फाटेल, तिथून वाफेची फुंकर निघेल आणि मग सगळे दूध एकदम वर चढेल. ते चढायच्या आधीचे अर्धे मिनिट नीट बघ. नंतर दुसऱ्यांदा दूध तापव आणि या वेळी डावाने साय सतत मोडत राहा. दूध उकळेल, पण उतू जाणार नाही. आईला मात्र आधी विचार, आणि पहिल्या प्रयोगानंतर शेगडी तूच पूस.